बायनोव्ह्यूअरला आयपीसची जोडी: घरातल्या 25 ला जोड आणू की दोन्ही नवीन घेऊ?

जांबोटीचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी जांबोटीकडच्या एका मराठी शाळेत शिकवतो. दुर्बीण सहा इंची डॉबसोनियन, 150 चा आरसा, 1200 मिमी नाभीय अंतर. वर्षभरापासून उजव्या डोळ्यापुढे माशी फिरल्यागत काहीतरी तरंगतंय. चंद्र बघायला बसलो की ती नेमकी कोपर्निकस विवरावर येऊन बसते. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरू नका. मग बेळगावच्या मित्राने त्याचा जुना बायनोव्ह्यूअर (एका दुर्बिणीतला उजेड दोन डोळ्यांत वाटून देणारा जोड) दिला, दोन डोळ्यांनी बघ, त्रास कमी होईल म्हणून. आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, मात्र त्याने आधीच विकून टाकले होते.

माझ्याकडे दुर्बिणीबरोबर आलेले 25 आणि 10 मिमीचे एकेक आयपीस आणि 2 पटीचा बार्लो (पट वाढवणारं मधलं भिंग) आहे. बजेट दहा हजार, त्यावर घरातून परवानगी नाही. आहे त्या 25 ला एकच जोड आणू? की सगळ्यात रुंद म्हणून 32 चे दोन प्लॉसल (साध्या रचनेचे आयपीस) घेऊ? एक जण 24 ची, 68 अंशांचं रुंद दृश्य दाखवणारी वापरलेली जोडी द्यायला तयार आहे. शिवाय गुरूसाठी 10 ची जोडी लागेलच ना? मला चष्मा आहे, 1.25 सिलिंडरचा (दृष्टिवैषम्याचा नंबर).

उद्यमबागचा लेथवाला

गुरुजी, 10 ची जोडी पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. माझी दुर्बीण पण तुमच्यासारखीच, 150 बाय 1200, तेव्हा आकडे तुम्हाला जवळपास तसेच लागू पडतील.

बायनोच्या पोटात उजेड प्रिझममधून साधारण 110 मिमी फिरतो आणि मग आयपीसला पोचतो. आपल्यासारख्या आरशाच्या दुर्बिणीत, म्हणजे न्यूटोनियनमध्ये, तेवढी जागाच नसते. फोकसर पार तळाला दाबला तरी चित्र जुळत नाही, म्हणून पुढं बार्लो लावावाच लागतो. आणि बार्लोपासून आयपीस जेवढा लांब, तेवढी त्याची पट वाढते. त्यावर 2 लिहिलंय म्हणून तो 2 च देतो असं समजू नका.

मी मोजलं कसं ते सांगतो. मृगाच्या बाणातला पश्चिमेकडचा तारा घ्यायचा, तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच आहे. दुर्बीण सोडून द्यायची आणि तारा या काठावरून त्या काठाला, बरोबर मधून जायला किती वेळ घेतो ते मोबाईलवर बघायचं. नुसता 25 चा आयपीस: 4 मिनिटं 6 सेकंद. बायनो आणि पूर्ण नळीसकट बार्लो, आयपीस तोच: 1 मिनिट 17. भागाकार करा, 3.2 येतो, तीच बार्लोची खरी पट. म्हणजे 25 च्या जोडीने तुम्हाला (1200 भागिले 25) गुणिले 3.2, 154 पट मिळणार. गुरूला आणि काय पाहिजे? 10 ची जोडी लावलीसा तर 384 होईल, आणि सहा इंचीत गुरू पाण्यात पडलेल्या बटनासारखा दिसेल.

आता बार्लोच्या तळाची भिंगाची टोपी फिरवून काढा आणि थेट बायनोच्या नाकाला लावा, आटे सारखे असतील तर बसते. माझ्यात वेळ 1 मिनिट 47 झाला, म्हणजे 2.3 पट, 25 वर 110. एका जोडीत दोन पट मिळाल्या की ओ, पैसे वाचले.

आता 24 आणि 32 बद्दल. वापरलेली जोडी घ्यायच्या आधी तिचा बाहेरचा व्यास विचारा. माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर 58 मिमी, पोरीचं 54. मी हौसेनं 52 मिमी जाडीची रुंद जोडी आणली होती. 58 वर लावली की मध्ये उरतात 6 मिमी. त्यात नाक कुठं घालायचं? पोरीला तर दोन्ही डोळे एकदम लागायचेच नाहीत, ती एका डोळ्यानं बघून "दिसलं दिसलं" म्हणून पळायची. 25 चे साधे प्लॉसल बारीक असतात, नाकाला जागा राहते. 32 चं दुखणं वेगळं. त्याच्या आतली, दृश्याची हद्द ठरवणारी कडी 27 मिमीच्या आसपास, आणि माझ्या बायनोच्या प्रिझमचं तोंड व्हर्नियरनं भरलं 22. कडेला काळोखी येणारच. 25 ची कडी साडेएकवीसला संपते, बरोबर मावते.

आणि घरातल्याला एक जोड आणायचा विचार सोडा. माझी पहिली, 20 ची जोडी तशीच बिघडली. एका ऑनलाईन दुकानातून (नाव घेत नाही) "मॅच्ड पेअर" म्हणून आली. ट्यूबलाईटखाली तिरके धरले तर एकाच्या काचेवर हिरवी झाक, दुसऱ्याच्या जांभळी. लॉट वेगळे. मोठेपणात किंचित फरक होता, कागदावर काहीच नाही, पण वीस मिनिटांत कपाळ दुखायला लागायचं. मला वाटलं माझं बीपी वाढलं. परत पाठवले तर म्हणाले, दोन्हीवर 20 च लिहिलंय की.

जोडी आली की दिवसा तपासा. मी गच्चीवरून येळ्ळूरच्या राजहंसगडाचा बुरूज धरतो. बुरूज दोन दिसले तर डावा-उजवा आयपीस अदलाबदल करा. दुखणं आयपीसबरोबर सरकलं तर आयपीस परत करा. जागेवरच राहिलं तर प्रिझम हललाय, त्याला स्वतः हात लावू नका. आयपीस खोबणीत फिरवत बघा, चित्र गोल फिरून जागा सोडत असेल तर तो तिरका बसतोय. बॅरलवर जो खाचेचा पट्टा असतो ना, स्क्रूचं टोक त्यात गेलं की आयपीस एका अंगाला झुकतो. मी पितळी पट्टी कातून ती खाच भरली. तुम्ही टेप गुंडाळून सपाट केलीत तरी चालेल.

वजनाचं पण बघा, बायनो लावला की नळी पुढं कोसळते.

शहापूरची चष्मेवाली

सर, पट्टी घेऊन आरशासमोर उभं राहायची गरज नाही. चष्म्याच्या चिठ्ठीवर पी.डी. (दोन बुबुळांमधलं अंतर) बऱ्याचदा लिहिलेला असतो, लांबचा आकडा घ्या, वाचायचा नको, तो दोन-तीन मिमी कमी असतो.

सिलिंडरची काळजी या पटीला करू नका. 154 वर तुमच्या दुर्बिणीतून डोळ्यात येणारा झोत जेमतेम 1 मिमी जाडीचा. बुबुळाचा एवढुसा तुकडाच वापरला जातो, तिथं 1.25 फारसा जाणवत नाही. चष्मा काढून बघा, नंबरचा फरक प्रत्येक डोळ्याचा आयपीस वेगळा जुळवून निघतो. आणि माशीबद्दल: अचानक खूप वाढल्या किंवा कडेला विजेसारखं चमकलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

निपाणी_8इंच

लेथवाले अण्णा, 32 ला एवढं पण हाणू नका. माझ्या श्मिट-कॅसेग्रेनमध्ये (आरसे आणि भिंगाची आखूड दुर्बीण) मुख्य आरसाच पुढं-मागं होतो, बार्लो लागत नाही, आणि 32 ची जोडी चष्म्यासकट आरामात बघता येते. कडेची काळोखी मला दहाव्या मिनिटाला दिसायची बंद झाली. एप्रिलअखेर ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ आमच्याकडे दक्षिणेला 26 अंशांवर येतो, तेवढ्यासाठी ती ठेवलीय. प्रत्येक डोळ्याला निम्म्याहून कमी उजेड मिळतो हे खरं, दीर्घिका मी एकाच डोळ्यानं बघतो. पण गुरुजींच्या दुर्बिणीला 25, यावर माझी सही.

जांबोटीचा मास्तर

सगळ्यांचे आभार. पी.डी. 61 निघाला. 24 वाल्याला व्यास विचारला तर तो म्हणाला, "सर, जाड आहेत, पण भारी आहेत." सोडून दिले. बेळगावातल्या एका दुकानात दोन्ही 25 ट्यूबलाईटखाली धरून बघितले, दोन्हीकडे हिरवीच झाक. मालक विचारत होता, सर, सोनं घेताय काय?

काल षष्ठीचा चंद्र होता. आधी पाच मिनिटं दोन चंद्र, घाम फुटला. मग एक स्क्रू खाचेत गेलाय हे कळलं, टेप गुंडाळली आणि दोघे मिळून एक झाले. प्रकाश-सावलीच्या कडेला थिओफिलस विवराच्या मधल्या शिखरांच्या टोकांवर ऊन आणि तळ अंधारात, हे आधीही पाहिलं होतं, पण सपाट, छापील चित्रासारखं. काल खड्ड्यात वाकून बघतोय असं वाटलं. माशी आहेच, पण डावा डोळा तिला जुमानत नाही.

सातवीतल्या मुलींसाठी बायनो पार मिटवावा लागला, जेमतेम जमलं. नळी कोसळायची म्हणून किराणा दुकानातून एक किलोचं माप आणून मागं बांधलंय. दुकानदारानं सकाळी मुलाला पाठवलं होतं, माप परत मागायला.