मनाली–लेह रस्त्यावर दिसेल तिथे तंबू ठोकणं बंद करायला हवं का?

धागाकर्ता:
माझं मत स्पष्ट आहे: मनालीहून जाताना लागणाऱ्या जिस्पा गावाच्या पुढे बंद करा. कारण उंची. जिस्पा साधारण ३२०० मीटरवर, पुढचा मुक्कामाचा तळ सरचू ४३०० च्या आसपास. तीन हजारांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगचा घाट टळला. आता सकाळी मनाली सोडलेली मंडळी अंधार पडायच्या आत सरचू गाठतात आणि गाडीशेजारीच तंबू उभारतात. रात्री डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात. अशा वेळी खाली उतरणं हाच खरा उपाय, पण सरचूहून मनालीकडे वळलात तर आधी ४९०० मीटरच्या आसपासची बारालाचा खिंड चढावी लागते. लेहच्या बाजूलाही गाटा लूप्सची चढती वळणं आणि पुढच्या खिंडी आहेतच. सोबत डॉक्टर नाही, ऑक्सिजन नाही. काय करणार?

सॅकवाली:
उंचीचं पटलं, बंदीचं अजिबात नाही. सरचूच्या कँपचे आगाऊ पैसे भरलेला माणूस डोकं दुखत असलं तरी तिथवर रेटत जातो. स्वतःचा तंबू असला की वाटेतल्या दीपक ताल तळ्याच्या आसपास, ३८०० मीटरवर, मधली एक रात्र काढता येते. मग सरचूची उडी पाचशेचीच उरते. तुमचाच नियम तंबूवाल्याला जास्त नीट पाळता येतो, दादा!

घाटवाट:
माझा आक्षेप जागा निवडण्याच्या पद्धतीवर आहे. तिथले नाले बर्फाच्या पाण्यावर चालतात. सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारनंतर, ऊन्हाने बर्फ वितळला की, गुडघ्यापर्यंत चढतं. काठावर ओल्या रेतीची रेघ आणि धुतल्यासारखे स्वच्छ गोटे दिसले की समजायचं, पाणी इथवर येतं. नेमकी तीच जागा सपाट असते म्हणून लोकांना आवडते. दुसरं, थंडी वाजते म्हणून तंबूची चेन लावून आत स्टोव्ह पेटवू नका, कळकळीने सांगतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

माळरान:
मी बंदीच्या बाजूने, पण कारण वेगळं. पाण्याजवळचा हिरवा तुकडा कुणाचाच नाही असं आपण धरून चालतो. उन्हाळ्यात हिमाचलचे गद्दी मेंढपाळ कळप घेऊन या रस्त्यावरच्या लाहौल भागात येतात, त्यांची चराई याच तुकड्यांवर. त्यावर आपण गाड्या चढवतो. गवत वाढायला तिथे जेमतेम काही महिने मिळतात, एकदा चाकाखाली चिरडलं की लवकर सावरत नाही. आणि दगडाआड टाकलेले टिश्यू, डायपर? त्या कोरड्या थंडीत काहीही पटकन कुजत नाही.

धागाकर्ता:
सॅकवालीताई, तुमच्यासारखं आखून जाणाऱ्यांची मला काळजी नाही. पण ‘आज सरचू मारूच’ म्हणणाऱ्याला कोण अडवणार? बंदी असली तर निदान चार माणसांच्या वस्तीत तरी झोपेल.

सॅकवाली:
वस्तीत झोपला तरी उंची तीच राहते ना! त्यापेक्षा जिस्पालाच दोन रात्री सक्तीच्या करा, तंबूवाल्यांना आणि कँपवाल्यांनाही. माळरान यांचं मात्र शंभर टक्के मान्य. गाडी रस्त्याच्या कडेलाच राहावी, गवतावर एक चाकसुद्धा नको, आणि कचऱ्याची पिशवी लेहपर्यंत गाडीतच.