ग्रेड 5 टायटॅनियम: क्वेंच करूनही ताकद का येत नाही?

चिंचवडकर: ग्रेड 5 (ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेलं टायटॅनियम) च्या 50 मिमीच्या राउंड बारचे तुकडे बाहेर हीट ट्रीटमेंटच्या जॉबवर्कला दिले होते. 955 डिग्री सेल्सिअसला एक तास, पाण्यात क्वेंच (झटक्यात थंड), मग 540 ला चार तास एजिंग (कमी तापमानाला धरून ठेवणं). ड्रॉइंगवर 1100 एमपीए (मेगापास्कल) ताकद मागितलीय. गाभ्यातून काढलेला टेन्साइल (ओढून तोडायचा) नमुना 980 ला तुटला. इलाँगेशन (तुटण्याआधी लांबणं) मात्र 13 टक्के. आता 1030 ला नेऊन परत पाणी द्यावं का?

भट्टीवाले काका: अजिबात नको! या मिश्रधातूचा बीटा ट्रान्सस 995 च्या आसपास असतो. ते तापमान ओलांडलंस की सगळी रचना बीटा या एकाच स्फटिकरूपाची होते, दाणे भराभर वाढतात आणि इलाँगेशन ढासळतं. भेगेला विरोध थोडा सुधारतो, पण तुला तो नकोय. वाढलेले दाणे नुसत्या हीट ट्रीटमेंटने परत बारीक होत नाहीत, त्यासाठी फोर्जिंगच लागतं.

ईएन 24 पोलादाची सवय इथे डोक्यातून काढ. पोलादात कडकपणा मार्टेन्साइट (क्वेंचमध्ये बनणारी रचना) देतं. ग्रेड 5 चं मार्टेन्साइट त्या मानाने मऊच. खरी ताकद एजिंगमध्ये येते, मार्टेन्साइट आणि उरलेला बीटा फुटून त्यातून बारीक अल्फा (कमी तापमानाचं स्फटिकरूप) बाहेर पडतो तेव्हा. त्यासाठी आधी क्वेंच झपाट्याने व्हावा लागतो. टायटॅनियममधून उष्णता फार हळू निघते, म्हणून 25 मिमीच्या वर गाभा क्वेंच होतच नाही. तुझे आकडे ॲनील (तापवून सावकाश थंड केलेल्या) मालाच्या जवळचे आहेत ते याचमुळे.

तयार पार्ट केवढा आहे?

चिंचवडकर: स्टड आहे काका. दांडा 22, डोकं 45. लोड दांड्यावरच.

काका: मग आधी दांडा 25 ला रफ टर्न (लेथवर ढोबळ कापून) कर, नंतर हीट ट्रीटमेंट. भट्टीचं दार उघडल्यापासून पाण्यात पडेपर्यंत पाच-सहा सेकंदांच्या वर जाता कामा नये, हे जॉबवर्कवाल्याकडे उभं राहून बघ. टेस्ट पीसही 25 चाच ठेव. इलाँगेशन दोन-चार टक्के उतरेल, तेवढं ड्रॉइंगला चालतंय का विचार. डोकं मऊ राहील, तेही डिझायनरच्या कानावर घाल.

प्रिंटवाली: आमच्याकडे उलटी रड! लेझरने थ्रीडी प्रिंट केलेला माल थेट मार्टेन्साइट होऊनच येतो, ताकद भरपूर पण लवचिकता कमी. व्हॅक्यूममध्ये 800 ला दोन तास ॲनील करतो, तेव्हा कुठे लांबतो. चिंचवडकर, भट्टी व्हॅक्यूमची आहे ना?

चिंचवडकर: नाही, साधी हवेची.

काका: मग ऑक्सिजन पिऊन वर अल्फा केस, म्हणजे कडक साल, झाली असणार, काचेसारखी ठिसूळ. फिनिश टर्निंगमध्ये ती पूर्ण निघाली पाहिजे. डोक्यावरही मार्जिन ठेव. आणि पहिला कट सालीच्या खालून घे, नाहीतर टूलच्या इन्सर्टची (कापणाऱ्या टोकाची) धार जाईल.