दक्षिण बजरंगे आणि बुधन थिएटर : तुमचे अनुभव लिहा

३१ ऑगस्ट, विमुक्त दिन जवळ आलाय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला, त्या जमाती १९५२ साली याच तारखेला कागदोपत्री मोकळ्या झाल्या. १९९८ साली याच दिवशी अहमदाबादच्या छारानगरात ‘बुधन’ हे नाटक पहिल्यांदा उभं राहिलं. त्यामागचा दक्षिण बजरंगे हा तरुण छारा या विमुक्त समाजातलाच. पुढे तो नाटककार, माहितीपटकार आणि चित्रपट दिग्दर्शक झाला. बंगाली लेखिका महाश्वेतादेवी आणि आपल्या भोरचे भाषातज्ज्ञ गणेश देवी यांनी वस्तीत वाचनालय उभारायला हात दिला, तिथे जमलेल्या पोरांतून बुधन थिएटर हा संच तयार झाला. दक्षिणभाईंचं काम कुणी पाहिलंय, त्यांच्यासोबत कुणी काम केलंय? सविस्तर लिहा.

पुण्याहून, कंजारभाट समाजातली एक वकील

छारा म्हणजे आमचेच भाऊबंद. ‘बुधन’ मी मोकळ्या मैदानात पाहिलं. नेपथ्य शून्य. बंगालमधल्या पुरुलियाचा, सबर या विमुक्त जमातीतला बुधन सबर बायकोला, श्यामलीला, सायकलवर घेऊन निघालाय, पानाच्या टपरीवर थांबतो, तिथून पोलीस त्याला उचलतात. फेब्रुवारी १९९८ ची ही घटना. तो कोठडीतच मेला. मारहाणीच्या प्रसंगात काठी कुणाच्याच हातात नव्हती. एक नट हवेत हात उगारायचा, त्याच क्षणी बाकीचे जमिनीवर पाय आपटायचे आणि मधला मुलगा कमरेतून वाकायचा. माझ्या शेजारी आत्या बसली होती. तिने माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ठेवायच्या वसाहतीत वाढले, तारेच्या कुंपणाआत, हजेरी देत. घरात त्यावर कधी बोलणं व्हायचं नाही. त्या रात्री आत्या बोलली, आणि बरंच बोलली.

बारामती तालुक्यातून, निवृत्त शिक्षक

मला सांगायचंय ते पिन्या हरी काळेबद्दल. आमच्याच भागातला पारधी. जून १९९८ मध्ये पोलीस कोठडीत त्याचा जीव गेला. आमच्याकडे चार दिवस कुजबूज झाली, मग पेरण्या सुरू झाल्या. त्याच्यावर नाटक कुणी केलं? अहमदाबादच्या छारा पोरांनी. ‘पिन्या हरी काले की मौत’. बंगालचा सबर, महाराष्ट्रातला पारधी, दोघांचं मरण गुजरातच्या एका वस्तीने आपल्या घरातलं मानलं. दक्षिण बजरंगे यांचं मोठेपण मला इथे दिसतं. ते फक्त छारांचं गाऱ्हाणं मांडत बसले असते तरी कुणी बोल लावला नसता. बारामतीला तर नाट्यसंमेलनं, एकांकिका स्पर्धा काही कमी होत नाहीत. आमच्या पोरांना या विषयाला हात घालावासा वाटला नाही, हे मला अजून लागतं.

मुंबईहून, चित्रपट संकलक

नाटकवाला सिनेमात गेला की नाटक सुटतं, असं आमच्या धंद्यात म्हणतात. यांचं तसं झालं नाही. फोर्ड फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर लीड्सला जाऊन चित्रपट शिकले आणि परत छारानगरातच आले. ‘बर्थ १८७१’ हा विमुक्तांच्या इतिहासावरचा माहितीपट, ‘द लॉस्ट वॉटर’ कच्छच्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांवर. २०१७ चा ‘समीर’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट. मोहम्मद झीशान अय्यूब आणि आपल्या नाशिकची अंजली पाटील. वरवर दहशतवादाच्या तपासाची गोष्ट, पण गाभा तोच ‘बुधन’चा : संशय आधी, माणूस नंतर. त्यात पथनाट्य करणारी मंडळीही आहेत. चित्रपट सगळीकडे सारखा जमत नाही, शेवटाकडे घाई होते, हे मी संकलक म्हणून म्हणेन. पण नाटकाचे प्रसंग येतात तिथे कॅमेरा गर्दीतल्या माणसासारखा खांदे चुकवत पुढे सरकतो. ज्याने रस्त्यावर नाटक केलंय त्यालाच हे सुचतं.

वडोदऱ्याहून

छोटासाच अनुभव. छारानगरात गेले होते. अरुंद गल्ली, आत वाचनालय, भिंतीला लागून पुस्तकं, मधल्या मोकळ्या जागेत तालीम. चहा आला तो तालीम न थांबवताच. अहमदाबादेत रिक्षावाला मात्र वस्तीचं नाव ऐकून म्हणाला, “पर्स सांभाळा, ताई.”

मराठवाड्यातून, पालावर शाळा चालवणारा

हे वाचून आम्ही पालावर पथनाट्य बसवलं. बाजारात चोरीच्या संशयावरून धरलेल्या बाईची गोष्ट, मुलांनीच सांगितलेली. भूमिका वाटताना सगळ्यांना पोलीसच व्हायचं होतं. मार खाणारी बाई व्हायला एकही तयार नाही. शेवटी आठवीतली एक मुलगी उठली. तिच्या आईला खरंच असं धरून नेलं होतं, हे आम्हाला तालमीत कळलं. प्रयोगाआधी तिच्या आईला विचारलं. ती म्हणाली, करू द्या, पण चिंचेखाली नको, रस्त्याच्या कडेला करा, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसलं पाहिजे. तसंच केलं. दोन मोटारसायकली थांबल्या, एसटीची वाट बघणारी माणसं जवळ आली. एकाने मुलीच्या आईलाच विचारलं, “हे खरं घडलं का हो?” ती म्हणाली, “माझ्यासंगं घडलं.” आणि पुढचं सगळं तिनेच सांगितलं.

यंदा ‘बुधन’ मराठीत करायचंय. श्यामलीचं काम करायला त्या मुलीची आई तयार आहे. हिंदी संहिता कुणाकडे असेल तर कळवा, आणि पुण्याच्या वकीलताई, तुमच्या आत्यांना तालमीला आणता येईल का?