मेंडोझा, मेंदोसा की मेंडोन्सा? लंडनच्या मुष्टियोद्ध्याचं आडनाव मराठीत कसं लिहायचं?

पानाडी:
एका दिवाळी अंकासाठी इंग्लंडमधल्या जुन्या मुष्टियुद्धावरचा लेख मराठीत करते आहे. लेखाचा नायक डॅनियल मेंडोझा, पूर्व लंडनमधला ज्यू, १७९२ ते १७९५ इंग्लंडचा अजिंक्यवीर. उंची जेमतेम पाच फूट सात इंच, तरी त्याच्याहून धिप्पाड गड्यांना लोळवायचा, कारण ठोसा अडवणं, बाजूला सरकणं, पाय हलते ठेवणं याचं त्यानं शास्त्रच केलं होतं. मी सगळीकडे 'मेंडोझा' लिहिलं होतं. मुद्रितं आली तर झाडून सगळीकडे 'मेंडोन्सा' केलंय, आणि समासात शेरा: 'मराठीत हे आडनाव असंच लिहितात.'

मला हे मान्य नाही. मेंडोन्सा वाचलं की आपल्यासमोर गोवा नाहीतर वसई येते. पण तपासणारे गृहस्थ अनुभवी आहेत, नुसतं 'पटत नाही' म्हणून भागणार नाही. ही दोन आडनावं मुळात एकच आहेत का? असतील तर लिहायचं काय? सोमवारी मुद्रितं परत द्यायची आहेत.

अनुस्वार:
दोन्ही नकोत. 'मेंदोथा' लिहा. स्पॅनिशमध्ये 'न'च्या पुढचा द दंत्य आहे, आपल्या 'मंदिर'मधल्यासारखा. 'ड' आपण इंग्रजांकडून उचलला. शेवटचं अक्षर माद्रिदचा माणूस जीभ दातांत धरून 'थ'च्या जवळ उच्चारतो. आपल्या लिपीत द, ड, स, थ, झ सगळं हाताशी असताना इंग्रजाच्या तोंडून ऐकून का लिहायचं? मूळ भाषेतला उच्चार लिहावा, हा साधा नियम आहे.

जुनी वही:
अनुस्वार, मूळ भाषा कुणाची? डॅनियल लंडनमध्ये जन्मला, लंडनमध्येच १८३६ साली वारला. १७८९ साली मुष्टियुद्धावर पुस्तक लिहिलं तेही इंग्रजीत. त्याला आयुष्यात कुणी 'मेंदोथा' अशी हाक मारली असेल असं मला वाटत नाही.

शिवाय तो 'थ' तुम्ही समजता तितका जुना नाही. स्पेनमध्ये तो पक्का झाला सोळाव्या-सतराव्या शतकात. ज्यूंना स्पेनमधून हाकललं १४९२ साली. त्या हाकललेल्यांच्या, म्हणजे सेफार्दी ज्यूंच्या स्पॅनिशमध्ये हा 'थ' नाहीच. स्पेनच्या दक्षिणेला बऱ्याच भागांत आणि सगळ्या लॅटिन अमेरिकेत आजही 'स'च आहे. म्हणजे माद्रिदचा उच्चार हा स्पॅनिशमधला एक उच्चार झाला, त्याला मूळ म्हणता येत नाही.

शब्दवेडा:
उच्चाराआधी अर्थ बघा. 'मेंदो' नावाच्या माणसाचा वंशज तो मेंदोझा. आपल्याकडे पांडूचे पांडव तसं.

जुनी वही:
ते मेंदेझ किंवा मेंडिस. ते आडनाव मेंदो या नावावरूनच आलं आहे. सिनेदिग्दर्शक सॅम मेंडिस इंग्लंडमधल्या रेडिंगचा, पण घराणं त्रिनिदादमधलं पोर्तुगीज. त्याचं आडनाव वेगळं, हे वेगळं.

मेंडोझा हे बास्क भाषेतून आलं आहे. 'मेंदी' म्हणजे डोंगर, 'होत्स' म्हणजे थंड, शेवटचा 'आ' हे तिथलं उपपद. थंड डोंगर. उत्तर स्पेनमध्ये आलावा प्रांतात वितोरिया शहराजवळ मेंडोझा नावाचं गाव आजही आहे, तिथे या घराण्याचा बुरूज आहे. या गावचे सरदार पुढे कास्तीलमध्ये जाऊन बलाढ्य झाले. मेक्सिकोचा पहिला व्हाइसरॉय याच घराण्यातला, आणि अर्जेंटिनातल्या मेंडोझा शहराला चिलीच्या मेंडोझा आडनावाच्या गव्हर्नरचं नाव १५६१ साली दिलं गेलं.

शब्दवेडा:
मेंदी म्हणजे डोंगर? मग मंदर पर्वत आठवत नाही का कुणाला? समुद्रमंथनातला? मंदर, मेंदी. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो. हा योगायोग मानायला माझं मन तयार नाही.

जुनी वही:
बास्क ही आपल्या भाषाकुळातली नाही. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी, स्पॅनिश एका गोतातल्या, बास्क त्यांच्या शेजारी एकटी उभी आहे. दोन अक्षरं जुळली म्हणून नातं लावलं तर जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून काढता येईल.

शब्दवेडा:
एकटी आहे हे आजचं मत आहे. उद्या बदलूही शकतं. मी मंदर सोडणार नाही.

कुंडलिका:
मला त्या 'होत्स'मध्ये रस आहे. बास्क 'त्स' म्हणजे जवळपास आपल्या 'चमचा'मधला च. आपल्याला च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहायला अक्षर एकच. 'झाड'मधला झ निराळा, 'झेलम'मधला निराळा. पानाडीताईंचा 'मेंडोझा' मी 'झाड'च्या झ ने वाचते आणि तो इंग्रजी उच्चाराच्या अगदी जवळ जातो. हिंदीवाल्यांना त्यासाठी अक्षराखाली टिंब द्यावं लागतं, आपल्याला लागत नाही. 'डिसोझा' आपण पिढ्यानपिढ्या असंच लिहितो.

आणखी एक. थंड डोंगराचं गाव, म्हणून त्या गावचे ते मेंडोझा. हे तर आपलं 'कर' आडनाव झालं. आमच्या रोह्याकडचे बेने इस्राएली रोहेकर, किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर. तेही ज्यूच.

पानाडी:
कुंडलिका, हे छान आहे, पण एक फरक आहे. केहिमकरांचे पूर्वज खरोखर किहीमला राहिले. डॅनियलच्या पूर्वजांचा त्या बास्क गावाशी संबंध असायचं काही कारण नाही. मग एका ज्यू घराला स्पॅनिश सरदाराचं आडनाव मिळालं कुठून?

रेखांश:
बाप्तिस्म्यातून. स्पेनमध्ये १४९२ला 'ख्रिस्ती व्हा नाहीतर निघा' असं फर्मान निघालं, पोर्तुगालमध्ये १४९७ला जबरदस्तीनं धर्मांतर झालं. नव्या ख्रिस्त्यांना नवी आडनावं लागली. पुष्कळदा धर्मपित्याचं किंवा भागातल्या मातबर घराण्याचं आडनाव लावलं जाई. त्यांचे वंशज पुढे अ‍ॅम्स्टरडॅमला, लंडनला जाऊन उघडपणे ज्यू झाले, पण आडनावं तीच ठेवली.

इंग्लंडनं ज्यूंना १२९० साली हाकललं होतं. परत राहू दिलं १६५६ला, क्रॉमवेलच्या काळात. लंडनमधलं बेव्हिस मार्क्सचं सिनेगॉग १७०१चं, अजून चालू आहे, आणि ती मंडळी स्वतःला 'स्पॅनिश आणि पोर्तुगीज ज्यू' म्हणवतात. ऑल्डगेट, व्हाइटचॅपल हा त्यांचा परिसर. ब्रिटनमधल्या मेंडोझा आडनावाचं जुनं ठिकाण हेच.

त्याच्याही आधी लंडनमध्ये एक मेंडोझा होऊन गेला: बेर्नार्दिनो दे मेंडोझा, स्पेनच्या राजाचा वकील. एलिझाबेथ राणीविरुद्धच्या थ्रॉकमॉर्टन कटात हात होता म्हणून १५८४ साली त्याला देशाबाहेर काढलं. तो खरा त्या सरदारघराण्यातला. दोनशे वर्षांनी त्याच शहरात त्याच आडनावाचा ज्यू पोरगा जाहिरातीत स्वतःला 'मेंडोझा द ज्यू' म्हणवून घेत गर्दी खेचतो. ज्या आडनावाआड पूर्वजांना ज्यूपण लपवावं लागलं, त्याला जोडूनच त्यानं ते जाहीर केलं. पानाडी, हे तुमच्या लेखात यायलाच हवं.

उत्तनचा वारा:
मी भाईंदरजवळच्या उत्तनचा. आजोळ मेंडोन्सा. म्हणून लिहितो.

आमच्याकडे हेच झालं. पोर्तुगीज वसईत १५३४ ते १७३९ होते. बाप्तिस्मा देताना पाद्रीचं किंवा धर्मबापाचं आडनाव लागलं आणि चिकटलं. आमच्या अंगात पोर्तुगीज रक्त आहे असं लोकांना वाटतं आणि ते आम्हाला ऐकवतातही. माझ्या आजोबांना एका कचेरीत साहेबानं विचारलं होतं, 'तुम्ही मूळचे कुठले?' आजोबा म्हणाले, 'उत्तनचा.' 'नाही, मूळचे?' 'उत्तनचाच.' दाखल्यावर त्यांचं नाव 'मेंडोसा' पडलं, मामाच्या शाळेत 'मेन्डोन्का' पडलं, कारण इंग्रजीत शेवटी सी असतो आणि त्याखालची शेपटी कुणी छापत नाही. एका घरात तीन आडनावं. जमिनीच्या कागदांसाठी मामाला किती खेटे घालावे लागले ते मी पाहिलंय.

तेव्हा पानाडीताई, आमचं आडनाव कृपा करून लंडनच्या पैलवानाला लावू नका. आणि त्याचं आम्हाला लावू नका.

जुनी वही:
उत्तनचा वारा, भावना समजली. पण भाषेच्या बाजूनं दोन्ही एकच आहेत. मेंडोझाचं पोर्तुगीज रूप ते मेंडोन्सा. पहिल्या अक्षरातला नाकातला सूर पुढच्या अक्षरावर पसरला, एवढाच फरक. बास्क डोंगर तुमच्याही आडनावात आहे.

उत्तनचा वारा:
असेल. लोपेझ आणि लोपीसही एकच. तरी वसईच्या लोपीसांना लोपेझ म्हणून बघा, काय उत्तर मिळतं ते.

स्विंडनकर:
मी इंग्लंडमध्ये स्विंडनला एका रुग्णालयात काम करते. इथली परिस्थिती सांगते. या गावात गोंयकार खूप, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, डिसोझा ही आडनावं रोज कानावर पडतात. पण मेंडोझा ज्या भेटल्या त्या सगळ्या फिलिपिनो! नव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथल्या रुग्णालयांनी फिलिपिन्समधून परिचारिका मोठ्या संख्येनं आणल्या, आणि मेंडोझा हे तिकडचं अगदी नेहमीचं आडनाव आहे.

आमच्या वॉर्डातल्या मेंडोझाबाई स्वतःचं नाव 'मेन्दोसा' सांगतात. द दंत्य, शेवटी स्वच्छ स. तिकडची तागालोग भाषा बोलणाऱ्यांत 'ज़' मुळात नाहीच. इंग्रज सहकारी 'मेंडोउझा' म्हणतात. बाई दोन्हींना ओ देतात, पण फोनवर स्वतःची ओळख देताना 'मेन्दोसा'च म्हणतात, आणि समोरच्यानं एस लिहिला की 'झेड फॉर झीब्रा' असं सांगतात. म्हणजे लिहायचा झेड, बोलायचा स. त्यांना ते चुकीचं वाटत नाही.

अनुस्वार:
बघा, द दंत्य! मी हेच म्हणत होतो.

स्विंडनकर:
पण 'थ' नाही हो.

रेखांश:
फिलिपिन्सचा भाग महत्त्वाचा आहे. तिथे क्लावेरिया या स्पॅनिश गव्हर्नरनं १८४९ साली आडनावांचा हुकूम काढला. करवसुलीत गोंधळ नको म्हणून आडनावांची वर्णानुक्रमे छापील यादीच करून वाटली. काही गावांना यादीचा ठरावीक भाग मिळाला, म्हणून तिथली आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात. काहींनी आधीपासूनची आडनावं राखली. तेव्हा फिलिपिनो मेंडोझा म्हणजे स्पॅनिश वंशाचा, हेही उत्तनइतकंच खोटं.

आजच्या ब्रिटनमधल्या मेंडोझांचे मला तीन थर दिसतात. जुने सेफार्दी, मुख्यतः लंडनचे. मग कोलंबिया, एक्वादोर वगैरे देशांतून आलेले, दक्षिण लंडनमधलं एलिफंट अँड कासल आणि उत्तरेचं सेव्हन सिस्टर्स ही त्यांची ठाणी. आणि फिलिपिनो, जे रुग्णालयं असतील तिथे, म्हणजे देशभर. खुद्द स्पेनमधून सरळ आलेल्यांची भर वेगळी. हाऊस ऑफ लॉर्ड्समध्येही एक मेंडोझा आहेत, नील मेंडोझा. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचे ते २०१८ साली प्रमुख झाले, आणि इंग्लंडमधल्या संग्रहालयांवरचा २०१७चा अहवाल त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

इंग्रजी पाटी वाचताना एक खूण ठेवा: शेवटी झेड असेल तर स्पेन, लॅटिन अमेरिका किंवा फिलिपिन्स. एस असेल तर पोर्तुगाल, ब्राझील, गोवा. फर्नांडेझ आणि फर्नांडिस यांच्यातला फरक हाच.

उत्तनचा वारा:
ही खूण भारतीयांना लावू नका. आमच्यात फर्नांडिसच्या शेवटी झेड लिहिणारी घरं आहेत, केरळातही आहेत. चुलत भावंडं एक एस, एक झेड. पाद्रीच्या नोंदवहीत एक आणि शाळेच्या दाखल्यात दुसरं, असंच चालत आलंय.

कुंडलिका:
मग मराठीत 'रॉड्रिग्ज' ज ने का आणि 'फर्नांडिस' स ने का? पोर्तुगीजमध्ये दोन्हींच्या शेवटी एकच अक्षर आहे ना?

उत्तनचा वारा:
ज इंग्रजांकडून आला असणार. म्हातारी माणसं 'रुद्रीग' म्हणायची, शेवटचं अक्षर गिळून.

पानाडी:
सगळ्यांचे आभार. माझं मत आणखी घट्ट झालंय. आडनाव ज्याचं आहे त्याच्या तोंडी जे असेल ते लिहावं. डॅनियलचं मेंडोझा, वॉर्डातल्या बाईंचं मेंदोसा, उत्तनचं मेंडोन्सा. मूळ एक असलं तरी तीन वाटांनी तीन आडनावं झाली, आणि मराठीला ती तिन्ही वेगळी दाखवता येतात. इंग्रजीत पहिली दोन सारखीच दिसतात.

अनुस्वार:
म्हणजे नियम काहीच नाही? उद्या प्रत्येकाला फोन करून विचारणार का? विश्वकोशात, शाळेच्या पुस्तकात, वर्तमानपत्रात एकाच आडनावाची तीन रूपं आली तर विद्यार्थ्यानं शोधायचं कुठे? तुमचा लेख एकाच माणसावर आहे म्हणून तुम्हाला हे परवडतं. कोश करणाऱ्याला परवडत नाही.

जुनी वही:
कोशात तिन्ही नोंदी द्याव्यात आणि एकमेकींकडे बोट दाखवावं. त्यात काय अवघड आहे?

अनुस्वार:
जागा. आणि मग 'गोमेझ, गोमिस, गोम्स' यांचंही तसंच करा. नंतर 'गोन्झालेझ, गोन्साल्विस, घोन्साल्विस'. थांबणार कुठे?

कुंडलिका:
घोन्साल्विस! हे मला कधीपासून विचारायचं होतं. पोर्तुगीजमध्ये साधा ग आहे. वसईत तो घ कसा झाला?

शब्दवेडा:
घन, घोष, घराणं. मराठी जिभेला घ भारदस्त वाटतो.

उत्तनचा वारा:
भारदस्तपणाचा प्रश्न नाही. आमच्या बोलीत तो तसाच निघतो, पाटीवरही तसाच लिहितात. माझ्या मावशीच्या सासरचे घोन्साल्विस. ग ने लिहिलेलं पत्र आलं तर तिचे सासरे म्हणत, हे पत्र मुंबईच्या गोन्साल्विसांचं दिसतंय, पोस्टमन चुकला.

जुनी वही:
'ग'चा 'घ' झालेले आणखी पोर्तुगीज शब्द कुणाला आठवतात का? आडनावं सोडून, घरातले, होडीवरचे, शेतीतले. एकट्या घोन्साल्विसवरून काही ठरवता येणार नाही.