समुपदेशकाची खोली कुठे आहे, तेही बघा

कॉलेजातल्या पोरांच्या मानसिक ताणावरच्या या चर्चेत 'कॉलेजात समुपदेशक नेमा, निम्मा प्रश्न सुटेल' असं वर कुणीतरी लिहिलंय. ते पटलं, पण पूर्ण नाही. सांगलीत मी शिकलो त्या कॉलेजात (नाव नको) समुपदेशक होत्या, चांगल्याही होत्या. त्यांची खोली मात्र फीच्या खिडकीसमोर! स्कॉलरशिपच्या रांगेतली बरीच पोरं ओळखीची. त्यांच्यादेखत ते दार ढकलायचं कुणी? शिवाय वेळ ४ ते ५, तेव्हा जत-आटपाडीच्या पोरांचं सगळं लक्ष एसटीकडे.

मी शेवटी हॉस्टेलच्या गच्चीवरून १४४१६ लावला. टेली-मानस, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी, ऑक्टोबर २०२२ पासूनची सरकारी सेवा. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पलीकडच्या बाईंनी मध्येच विचारलं, "जेवलास का?" तिथंच रडू फुटलं. वर हा नंबर कुणी दिलेला दिसला नाही, म्हणून लिहिलं.