फिनडॉम: पहिलं ट्रिब्यूट पाठवण्याआधी खोटी प्रोफाइल कशी ओळखायची? सल्ला हवा

उंबरठा
ऑनलाइन फसवणुकीवरचा नेहमीचा सल्ला असा असतो की अनोळखी माणसाने पैसे मागितले की ब्लॉक करा. फिनडॉममध्ये तो चालत नाही, कारण इथे पैसे मागणं हाच खेळ आहे: डॉम (हुकूम चालवणारी) पैसे मागते आणि सब (शरण जाणारा) मर्जीने देतो, त्या पैशांना ट्रिब्यूट म्हणतात. मग खरी डॉम आणि भामटा यांच्यात फरक कसा करायचा? पैसे कुठल्या मार्गाने द्यावेत? आणि स्वतःची किती माहिती द्यावी? दोन्ही बाजू सज्ञान आणि राजीखुशीच्या आहेत असं धरून सांगा. 'या भानगडीत पडूच नका' हा सल्ला आधीच मिळालेला आहे.

काटेकोर
पैसे मागितले याला महत्त्व नाही. कधी मागितले, कोणत्या मार्गाने मागितले आणि पैशांसोबत आणखी काय मागितलं, ते बघा.

सुरुवात इनबॉक्सपासून. ज्या डॉमकडे खरोखर सब आहेत ती सहसा आपणहून अनोळखी लोकांना मेसेज करत नाही. फॉलो केल्यावर दोन मिनिटांत 'गुडघ्यावर बस आणि पाठव' असा मेसेज आणि खाली पेमेंट लिंक आली, तर तोच मजकूर आणखी शंभर जणांना गेलाय असं समजा. बायोमधलं एखादं लांब वाक्य अवतरणचिन्हांत टाकून सर्च करा. चोरलेला बायो असेल तर मूळ प्रोफाइल बऱ्याचदा तिथेच सापडते.

फोटो गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स या फोटोवरून शोधणाऱ्या तिन्ही साइटवर टाका, कारण तिघांचे निकाल वेगळे येतात. चोर फोटो आरशासारखा उलटा करतात किंवा कडा कापतात, त्यामुळे स्वतः फ्लिप करून पुन्हा एकदा शोधा. मात्र काहीच सापडलं नाही म्हणजे प्रोफाइल खरी, असं नव्हे. पैसे भरून बघायच्या पानांवरचे फोटो सर्च इंजिनपर्यंत पोचत नाहीत, आणि एआयने बनवलेला फोटो कुठे सापडणारच नाही.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची तपासणी म्हणजे उलटी लिंक. ओन्लीफॅन्सवर (पैसे भरून प्रौढ मजकूर बघायची साइट) क्रिएटरला सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून भामटा बिनधास्त कुणातरी खऱ्या क्रिएटरच्या पानाची लिंक बायोमध्ये लावतो आणि पैसे मात्र दुसरीकडे मागतो. त्या पानावर जा आणि तिथून या हँडलकडे परत लिंक येते का ते बघा. येत नसेल तर त्या पानावरूनच विचारा, 'हे अकाउंट तुमचंच का?' हँडल एकेक अक्षर जुळवून बघा. इंग्रजी लहान एलच्या जागी मोठा आय, शेवटी एक जास्तीचा अंडरस्कोर, किंवा 'जुनं अकाउंट गेलं, हे बॅकअप' हे ठरलेले प्रकार आहेत.

एक्सवरची निळी टिक बघून भुलू नका. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या टिका काढून टाकल्यापासून ती पैसे भरून मिळते. इन्स्टाग्रामवर 'या अकाउंटबद्दल' मध्ये अकाउंट कधी उघडलं आणि नाव किती वेळा बदललं ते दिसतं. अकाउंट पाच वर्षं जुनं, पण पोस्टी गेल्या महिन्यापासूनच्या असतील तर ते विकत घेतलेलं असण्याची शक्यता दाट.

सावध_सब
उलट्या लिंकला +१. व्हिडिओ व्हेरिफिकेशनबद्दल थोडं: तारीख लिहिलेला कागद धरलेल्या फोटोवर आता भरवसा ठेवू नका, तो एडिट करायला वेळ लागत नाही. दोन मिनिटांचा लाइव्ह कॉल मागा आणि त्यात मान पूर्ण एका बाजूला वळवायला, हात चेहऱ्यासमोरून सावकाश फिरवायला सांगा. चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर बहुतेक तिथेच अडखळतं; गालाची कड फाटते नाहीतर बोटं चेहऱ्यात विरघळतात. शंभर टक्के खात्री यानेही होत नाही, पण सामान्य भामटा कॉललाच तयार होत नाही.

आणि हा कॉल फुकट मागू नका. डॉमने त्याचे छोटे पैसे लावले तर ते रास्त आहे. पैसे घेऊनही 'कॅमेरा बिघडलाय' सुरू झालं, तर त्या छोट्या रकमेत मोठी रक्कम वाचली.

मधली_ओळ
आणखी एक प्रकार असतो. प्रोफाइल खरी, फोटो खरे, पण उत्तर देणारा एजन्सीचा पगारी चॅटर. तासागणिक भाषेची ढब बदलते आणि सकाळी सांगितलेली लिमिट (काय चालणार नाही ते) रात्री कुणाला आठवत नाही. ही सरळ फसवणूक म्हणावी का यावर इथे दोन मतं निघतील, पण नातं हवं म्हणून पैसे देणाऱ्याला हे आधी ठाऊक असलेलं बरं.

हिशेबनीस
पैशांचं सांगतो.

मुख्य बँक खातं यात कधीच आणू नका. वेगळं खातं किंवा मर्यादा लावता येणारं व्हर्च्युअल कार्ड घ्या, आणि महिन्याची ठरलेली रक्कम महिन्याच्या सुरुवातीला एकदाच त्यात टाका. ती संपली की खेळ संपला. ही रक्कम भाडं, हप्ते आणि बचत बाजूला काढून जे उरतं त्यातूनच काढायची. ठरलेल्यापेक्षा जास्त पाठवावंसं वाटलं तर मध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्या. सेशनच्या भरात वाढवलेली मर्यादा ही मर्यादा नव्हेच.

पहिलं ट्रिब्यूट असं ठेवा, की बुडालं तरी सुस्कारा टाकून विसरता येईल. खरी डॉम तिचा दर आधीच लिहून ठेवते. भामट्याचा दर तुमच्या उत्तरांप्रमाणे वाढतो.

मार्गांमध्ये थ्रोन किंवा विशटेंडरसारखी विशलिस्ट (भेटवस्तूंच्या यादीची साइट) बरी, कारण तिथे टोपणनाव चालतं. पेपालवर समोरच्याला तुमचं खरं नाव दिसतं, 'फ्रेंड्स अँड फॅमिली' मधून पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं, शिवाय प्रौढ सेवांवर त्यांचे निर्बंध असल्याने अकाउंट गोठू शकतं. क्रिप्टो गेलं ते गेलं. गिफ्ट कार्डचा कोड वापरला गेला की परत येण्याचा मार्ग जवळपास नाही, म्हणून अनोळखी प्रोफाइल ॲपल किंवा स्टीमच्या कार्डाचा खरवडलेला कोड फोटो काढून मागत असेल तर थांबा. आणि गप्पा ट्रिब्यूटवरून 'मी सांगते तिथे गुंतव' वर घसरल्या, तर तो फिनडॉम नाही, गुंतवणुकीचा सापळा आहे.

उंबरठा
खूप उपयोगी. आता एक प्रश्न राहतो. 'स्लेव्ह कॉन्ट्रॅक्ट' च्या नावाखाली पूर्ण नाव, नोकरीचं ठिकाण, घरच्यांचे नंबर मागतात. काही जणी एनीडेस्कवरून (दुरून दुसऱ्याचा फोन किंवा संगणक चालवायचं ॲप) थेट खात्याचा ताबा मागतात. फँटसी म्हणून हे आकर्षक वाटतं. यातलं कितपत करावं?

काटेकोर
एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, बँकेचा पासवर्ड, ओटीपी, ओळखपत्राचा फोटो: यातलं काहीही, कुणालाही, कधीही नाही. समोरची व्यक्ती शंभर टक्के खरी असली तरी नाही. रिमोट ताबा दिलात की ती फक्त ट्रिब्यूट घेऊन थांबेल हे तुमच्या हातात उरत नाही. सेव्ह केलेले पासवर्ड, ईमेल, काँटॅक्ट सगळं उघडं पडतं. शिवाय ताबा आपणहून दिला असेल तर बँकेशी भांडताना बाजू लंगडी पडते.

ब्लॅकमेल फँटसी खेळायचीच असेल तर खोट्या माहितीवर खेळा. बनावट नाव, बनावट ऑफिस, चेहरा आणि टॅटू नसलेले फोटो. खऱ्या डॉमला याने काही फरक पडत नाही, तिला खेळ हवा असतो. 'खरं नाव दिल्याशिवाय मजा नाही' असा हट्ट धरणाऱ्याला मजेत रस नसतो. आणि सेफवर्ड (खेळ थांबवण्यासाठी आधी ठरवलेला शब्द) उच्चारल्यावरही धमकी थांबली नाही, तर तिथून पुढे ती सरळ खंडणी आहे.

फोटो पाठवताना लोकेशनचा मेटाडेटा (फाइलमध्ये दडलेली जागेची नोंद) काढा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो गळून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच पोचतो. नंबर आणि ईमेलही वेगळे घ्या. नेहमीच्या नंबरावरून अकाउंट काढलं तर 'ओळखीचे लोक' सुचवताना ॲपच तुम्हाला उघडं पाडतं.

राणी_पण_हिशेबी
डॉमच्या बाजूने लिहिते, कारण फसवणारे 'सब' ही कमी नाहीत. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. खात्यात रक्कम दिसेपर्यंत एक ओळही टाइप करू नका. 'चुकून जास्त पाठवले, उरलेले परत कर' म्हणणाऱ्याला तुमच्या हाताने वेगळी रक्कम पाठवू नका. मूळ पैसे चोरीच्या कार्डाचे असतील तर ते बँक ओढून घेते आणि तुम्ही परत केलेले तुमच्या खिशातून जातात. परतावा द्यायचाच तर त्याच व्यवहारावरचा रिफंड वापरा. चेकच्या बाबतीत खात्यात रक्कम दिसली तरी नंतर तो परत जाऊ शकतो. कार्डाने आलेले पैसेही लगेच पक्के होत नाहीत, साधारण १२० दिवसांपर्यंत चार्जबॅक (कार्डवाल्याच्या तक्रारीवरून बँकेने पैसे परत ओढणं) येऊ शकतो. 'मोठी रक्कम अडकली आहे, सोडवायला आधी थोडी फी भर' म्हणणारा सब नसतो.

अमेझॉनची विशलिस्ट ठेवत असाल तर त्रयस्थ विक्रेत्याकडून पत्ता फुटू शकतो, हे ध्यानात ठेवा. आणि वय अठराच्या आत असल्याची नुसती शंका आली तरी बोलणं तिथेच बंद. पैसे घेतले असतील तर परत, वर अकाउंट रिपोर्ट.

सावध_सब
धमकी सुरू झालीच असेल तर क्रम असा ठेवा. पैसे देऊ नका. एकदा दिले की आकडा वाढतो. ब्लॉक करण्याआधी हँडल, प्रोफाइलची लिंक, चॅट आणि पेमेंटचे ट्रान्झॅक्शन क्रमांक जपून ठेवा, कारण समोरच्याने अकाउंट उडवलं तर हातात काही राहत नाही. मग बँक किंवा पेमेंट ॲपला त्याच दिवशी कळवा, प्रोफाइल रिपोर्ट करा, सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. तक्रारीत फँटसीचे तपशील रंगवायची गरज नाही. 'खासगी फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागतो' एवढं पुरतं.

फोटो बाहेर जाण्याची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग वापरा. २०२१ पासून चालू आहे. फोटो अपलोड करावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी प्लॅटफॉर्मना जातो. मात्र ते सहभागी कंपन्यांपुरतंच चालतं, टेलिग्रामच्या एखाद्या ग्रुपवर त्याचा जोर नाही.

आणि 'गेलेले पैसे परत मिळवून देतो' म्हणत कुणी हॅकर किंवा 'रिकव्हरी एजंट' मेसेज करेल. असे लोक तक्रारींच्या पोस्टींखालीच टपून असतात, या धाग्यावरही येतील. त्यांच्या मेसेजला उत्तर न देता थेट रिपोर्ट करा.