स्पेनमधली ‘स्वतंत्र’ एस्कॉर्ट: नेमकी कुणापासून स्वतंत्र?

निशिगंधा_बीसीएन (धागाकर्ती)

सुरुवात चादरींवरून झाली. मी मूळची नाशिकची, नऊ वर्षं बार्सिलोनात, पोब्ले सेक भागात राहते. आमच्या वरच्या मजल्यावर एक कोलंबियन बाई राहते. तिला इथे क्लाउदिया म्हणते, खरं नाव ते नाही. एकटी बाई आणि चौकातल्या दोऱ्यांवर रोज चार-चार चादरी वाळत! पहिल्या मजल्यावरच्या आजींनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. क्लाउदिया म्हणाली, “पाणी माझं, वीज माझी, चादरी माझ्या.” नंतर जिन्यात मला हळूच म्हणाली, “तुला ठाऊक असेलच.”

ठाऊक होतं. ती एस्कॉर्ट आहे. जाहिरात तिची, फोन तिचा, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं तेही तीच ठरवते. स्वतःला ती ‘इंदेपेंदिएंते’ म्हणवते आणि तो शब्द उच्चारताना मान जरा ताठ होते. कारण त्याआधी वर्षभर तिने ‘प्लासा’ केल्यात. प्लासा म्हणजे कुणाच्या तरी फ्लॅटवर २१ दिवस मुक्काम. तिथेच काम, तिथेच झोप, कमाईतला निम्मा वाटा घर चालवणारीचा. २१ दिवस संपले की बॅग उचलायची, पुढचं शहर.

गेल्या महिन्यात ती कागद घेऊन माझ्याकडे आली. तिला ‘पाद्रोन’ हवा होता, म्हणजे नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव. राहण्याचा परवाना नसला तरी इथे पाद्रोन होतो. आणि पुढे ‘अराइगो’ची वाट धरायची, म्हणजे इथे रुजलो आहोत असं दाखवून परवाना मागायचा, तर इतका काळ आपण इथेच होतो याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच. मे २०२५ पासून त्यासाठी तीनऐवजी दोन वर्षं पुरतात, म्हणून तिची घाई. पण घरमालक करारावर तिचं नाव घालायला तयार नाही. भाडं मात्र आमच्या तेवढ्याच घराच्या जवळजवळ दुप्पट घेतो, तेही रोख. का, तर म्हणे “जोखीम माझी आहे.”

सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने हे काम करणं स्पेनमध्ये गुन्हा नाही. पण काम म्हणून त्याला मान्यताही नाही. इथे त्याला ‘आलेगाल’ म्हणतात, कायद्यात ना आत ना बाहेर. या अधांतरातून दलाल उठला की त्याच्या खुर्चीवर घरमालक येऊन बसतो, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. मान्यता द्यावी असं माझं मत आहे. तुमचं?

खडूस_सदाशिव

एकच प्रश्न. बाई गावी आईला फोन करते तेव्हा काय काम करते म्हणून सांगते? मान्यतेचं नंतर बघू.

निशिगंधा_बीसीएन

म्हाताऱ्यांची देखभाल करते असं सांगते. आणि खडूसराव, आमच्या नात्यातले एक काका आखातात दारूच्या गोदामात हिशेब लिहायचे. घरी दहा वर्षं ‘एक्स्पोर्ट’ चालू होतं.

आसावरी_माद्रिद

निशिगंधा, लिहिलंस छान, पण धागा अपवादावर काढलास. मी माद्रिदला बायकांच्या एका निवाऱ्यात आठवड्यातून दोन दिवस दुभाषी म्हणून जाते. बहुतेक वेळा नायजेरियन बायकांसाठी, कारण त्यांना इंग्रजी येतं आणि तिथल्या बाकीच्यांना फारसं येत नाही. निघण्याआधी गावातल्या देवऋष्यासमोर त्यांना शपथ घ्यायला लावलेली असते. नखं, केस काढून घेतलेले असतात. डोक्यावर हजारो युरोंचं कर्ज. ‘पोलिसांत गेलीस तर घरचं माणूस मरेल.’ मार्च २०१८ मध्ये नायजेरियातल्या बेनिन सिटीच्या ओबांनी, म्हणजे तिथल्या राजांनी, हे सगळे शपथबंध सुटले असं जाहीर केलं. ती बातमी एका मुलीला मी मोबाइलवर दाखवली होती. तिने तीनदा वाचली, मग विचारलं, “हे राजाला कुणी पैसे देऊन बोलायला लावलं नाही ना?”

अशा बाईला तुझी ‘मान्यता’ काय देणार? ती देईल मालकाला. इथले क्लब बघ. फ्रान्सच्या हद्दीवर ला होंकेरात फ्रेंच पुरुष गाड्या काढून येतात, कारण तिकडे २०१६ पासून गिऱ्हाइकाला दंड आहे. स्वीडनने हे १९९९ मध्येच केलं. फ्रान्सच्या कायद्याविरुद्ध हेच काम करणारी अडीचशेहून जास्त माणसं युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली होती. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की या कायद्याने त्यांच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग होत नाही. विकणारीला हात लावू नका, विकत घेणाऱ्याला धरा. माझं एवढंच म्हणणं आहे.

निशिगंधा_बीसीएन

आसावरीताई, तुम्ही सांगितलं ते ऐकून पोटात गोळा आला. पण ती मानवी तस्करी आहे. तिच्यासाठी कायदा आहे आणि तो कडक हवाच. क्लाउदियाला कुणी आणलं नाही. २०१५ च्या डिसेंबरपासून कोलंबियाच्या लोकांना शेंगेनसाठी, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसा-क्षेत्रासाठी, व्हिसा लागत नाही. ९० दिवसांची पर्यटक म्हणून ती स्वतःच्या तिकिटावर आली आणि परत गेली नाही, बस्स. दोघींना एका टोपलीत घालू नका.

आसावरी_माद्रिद

टोपल्या मी नाही घातल्या, आयुष्याने घातल्या. तिकीट स्वतःचं, पण पहिल्या प्लासाचा पत्ता तिला कुणी दिला? सुरुवात तिथूनच झाली ना? निम्मी कमाई सोडून देणं ही ‘मर्जी’ कशी ते मला अजून कळलेलं नाही.

वकील_मिरज

वकिली सवयीने गाठी सोडवतो. लांबण लागेल, माफ करा.

स्पॅनिश दंडसंहितेत तस्करीचं कलम वेगळं (१७७ बिस) आणि वेश्याव्यवसायाला भाग पाडण्याचं वेगळं (१८७). २०१५ च्या दुरुस्तीनंतर १८७ मध्ये असंही आहे की बाईची संमती असली तरी तिची हतबलता वापरून किंवा जाचक अटी लादून कुणी नफा खात असेल तर तो गुन्हा. म्हणजे आसावरीताईंची शंका आजच्या कायद्यातही बसते. मे २०२४ मध्ये तिथल्या संसदेत समाजवादी पक्षाचं जे विधेयक पडलं ते याच्या बरंच पुढे गेलं असतं. संमती असो नसो, दुसऱ्याच्या अशा कमाईवर नफा खाणारा दोषी, आणि त्यासाठी जागा देणाराही. जागा देण्याला तिकडे ‘तेर्सेरिया लोकातिवा’ असा भारदस्त शब्द आहे. आता सांगा, हे लागू झाल्यावर क्लाउदियाचा घरमालक सुधारेल की भाडं तिप्पट करेल?

उत्तर हवं असेल तर आपल्याकडे बघा. आपला १९५६ चा कायदा वेश्याव्यवसायाला थेट गुन्हा म्हणत नाही. पण कुंटणखान्याची व्याख्या अशी आहे की दोन बायकांनी एकमेकींच्या फायद्यासाठी एक खोली चालवली तरी तो कुंटणखाना. आणि आईच्या कमाईवर जगणारा अठरा वर्षांवरचा मुलगा आरोपी होऊ शकतो. कॉलेजात शिकणारा मुलगा! आमच्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ पासून हेच सांगत आलीये. ‘आम्हाला सोडवायला’ येणाऱ्या पोलिसांच्या गाडीची तिथल्या बायकांना गिऱ्हाइकापेक्षा जास्त धास्ती असते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धाडीत सापडलेल्या सज्ञान, स्वेच्छेने काम करणाऱ्या बायकांना अटक किंवा छळ करू नये असे निर्देश दिले. निर्देश कागदावर आहेत, गाडी अजून येते.

खडूस_सदाशिव

म्हणजे सांगली आणि बार्सिलोना एकच झालं. धन्य.

वकील_मिरज

एक नाही झालं. सांगलीच्या बाईला निदान रेशनकार्डाची भांडणं आपल्या भाषेत करता येतात.

जमाखर्च_वालेन्सिया

मी इथे हिशेबनीसाच्या कार्यालयात कामाला आहे, तेव्हा नीतीवर गप्प बसतो, आकड्यांवर बोलतो. २०१४ मध्ये स्पेनच्या सांख्यिकी संस्थेने वेश्याव्यवसाय राष्ट्रीय उत्पन्नात मोजायला घेतला. उत्पन्नाच्या साधारण ०.३५ टक्के. युरोपीय नियमच तसे आहेत. म्हणजे सरकार हे काम मोजतं, फक्त ओळखत नाही.

ज्या बाईकडे काम करण्याचा परवाना आहे ती ‘ऑटोनोमा’ म्हणून, म्हणजे स्वयंरोजगारित, नोंदणी करू शकते. पहिल्या वर्षी सवलतीची ठरावीक मासिक वर्गणी, पुढे कमाईप्रमाणे. एस्कॉर्ट असा रकाना नाही, म्हणून कुणी मसाज लावतं, कुणी ‘इतर वैयक्तिक सेवा’. मीच भरून दिलेत असे अर्ज. एकीने विचारलं होतं, “चादरी आणि धुलाई खर्चात दाखवता येईल?” (क्लाउदियाला सांगा, पावत्या जपून ठेवायच्या.) पण परवाना नसेल तर हे दार बंद. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २००१ मध्येच सांगितलंय की स्वतंत्रपणे केलेला वेश्याव्यवसाय हा आर्थिक व्यवसाय आहे. तो खटला ॲम्स्टरडॅममधल्या पोलिश आणि चेक बायकांचा होता. त्यामुळे संघात असलेल्या रोमानियाची बाई उद्या सकाळी नोंदणी करू शकते, कोलंबियाची नाही. काम तेच, गल्ली तीच.

अवांतर: २०१८ मध्ये हेच काम करणाऱ्यांच्या ‘ओत्रास’ नावाच्या संघटनेची कामगार संघटना म्हणून सरकारदरबारी नोंद झाली, आणि मग मंत्रिमहोदयांच्या लक्षात आलं की सही आपल्याच खात्याची आहे. म्हणाल्या, आपल्यावर गोल झाला! प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी संघटनेचे नियम रद्द झाले, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत जिवंत केले. मात्र दुसऱ्याच्या नोकरीत हे काम करण्याचा करार वैध आहे असं काही न्यायालयाने म्हटलं नाही.

आसावरी_माद्रिद

आणि ते बरोबरच आहे. मालकाने बाईला ‘आज तीन गिऱ्हाइकं कमी घेतलीस’ म्हणून मेमो द्यायचा का? बेल्जियमने डिसेंबर २०२४ पासून नोकरीचे करार आणलेत. नाही म्हणण्याचा हक्क त्यात लिहिलाय हे मान्य. पण महिनाअखेरीला भाडं थकलेलं असताना तो हक्क किती बायका वापरतील?

निशिगंधा_बीसीएन

भाडं थकल्यावर नाही म्हणता येत नाही, हे कुठल्या कामात वेगळं आहे? हुएल्वात स्ट्रॉबेरी खुडायला येणाऱ्या मोरोक्कन बायकांना विचारा. त्यांचं काम बंद करा असं कुणी म्हणत नाही, तपासणी वाढवा म्हणतात.

आसावरी_माद्रिद

स्ट्रॉबेरी शरीराच्या बाहेर असते गं. यावर आपलं जमणार नाही, पुढे जाऊ.

सावली_२२

पहिल्यांदाच लिहिते आहे. माझी एक मैत्रीण जानेवारीत स्पॅनिश शिकायला सालामांकाला जाणार आहे. इन्स्टावर तिला एका बाईने सांगितलंय की शिकता शिकता ‘व्हीआयपी कम्पॅनियन’ म्हणून काम मिळेल. तिकीट आणि राहण्याची सोय ते लोक करतील, पैसे नंतर कापून घेतील. हे काय आहे ते तिला समजलंय. ती म्हणते, माझं शरीर, माझा निर्णय, स्पेनमध्ये तर कायदेशीर आहे. धागा वाचून तिला काय सांगू?

आसावरी_माद्रिद

तिकीट त्यांचं, घर त्यांचं, कापायचा हिशेब त्यांचा. यात तिचं काय आहे? उपदेश करत नाही, तीन गोष्टी तेवढ्या कळव. पासपोर्ट कुणाच्याही हातात द्यायचा नाही, ‘नोंदणीसाठी दोन दिवस’ म्हणून सुद्धा. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, ज्याची त्या बाईला माहिती नसेल. आणि ११२ वर कागदपत्रं न विचारता मदत येते, तो नंबर पाठ असू दे.

निशिगंधा_बीसीएन

इथे मी आसावरीताईंच्या बाजूला, शब्दशः. सावली, मैत्रिणीला सांग की ‘गुन्हा नाही’ आणि ‘परवाना आहे’ यात समुद्र आहे. विद्यार्थ्यांना कामाची मुभा असते तेव्हाही ती आठवड्याला ३० तासांपर्यंत, आणि हे काम दाखवायचं कुठे? कागद बिघडले तर पुढचं नूतनीकरण अडकतं. अजून एक, ज्याचा हिशेब सहसा कुणी करत नाही. कोलंबियाच्या माणसाला दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर स्पॅनिश नागरिकत्व मागता येतं. भारतीयाला दहा. क्लाउदियाने जो जुगार खेळलाय त्यातले पत्ते तुझ्या मैत्रिणीला वाटलेलेच नाहीत. आणि ज्यात तिकीट दुसरा काढतो त्याला इंदेपेंदिएंते म्हणत नाहीत, क्लाउदियाही म्हणणार नाही. मी तिला वाचून दाखवलं. तिने फक्त विचारलं, “नंतर म्हणजे किती कापणार, आकडा लिहून दिलाय का?”

सावली_२२

आकडा नाही दिलेला. विचारते.

जमाखर्च_वालेन्सिया

निशिगंधा, मूळ मुद्दा राहिलाच. पाद्रोनसाठी घरमालकाची सही लागेलच असं नाही. बार्सिलोनात ‘निश्चित पत्ता नसलेले’ अशीही नोंद होते. वेळ लागतो, सामाजिक सेवावाले चौकशी करतात, पण होते.

निशिगंधा_बीसीएन

तीच वाट धरली. काल तिच्याबरोबर जाऊन आले. क्लाउदिया सकाळपासून घाबरलेली, व्यवसाय काय लिहायचा म्हणून रात्रभर तिने तीन उत्तरं तयार केलेली. फॉर्मवर व्यवसायाचा रकानाच नाही! शिक्षणाचा आहे. तिने पदवीवर खूण केली. पेरेइराच्या विद्यापीठातून वाणिज्य. मला दोन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

आसावरी_माद्रिद

हे बरं झालं. मत बदललेलं नाही, पण बरं झालं.

खडूस_सदाशिव

आणि चादरी?

निशिगंधा_बीसीएन

ड्रायर घेतला तिने. आता आजी आवाजाची तक्रार करतात.